आधी मोरी, मग मशीन

साताऱ्याच्या आमच्या घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा खर्चाची शीट मीच बनवली. इंजिनिअर मुलगा घरात असला की ही कामं त्याच्याकडेच येतात. हॉलचं फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, मॉड्युलर किचन, बाहेरच्या भिंतीला टेक्स्चर पेंट, गेट. सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘वॉशिंग मशीन (नवीन, आईसाठी)’. शीट मोबाइलवर आईला दाखवली. तिने चष्मा लावून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “आणि मोरी?”

मोरीची ओळ नव्हती. मला ती सुचलीच नव्हती. घराचा इंचन् इंच मोजणाऱ्या माणसाला, ज्या जागेत त्याचे कपडे सत्तावीस वर्षं धुतले गेले ती जागा आठवली नाही. हा लेख त्या राहिलेल्या ओळीबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आपल्या घरांत धुण्याची सोय ‘सुधारायची’ म्हणून आपण जे करतो, ते बहुतेक वेळा फक्त मशीन विकत घेणं असतं. त्याने धुण्याचं काम सुधारत नाही. काम तिथंच राहतं, बाईही तीच राहते, फक्त शेजारी एक पांढरा डबा येतो.

आधी आमची मोरी सांगतो, कारण तुमचीही फार वेगळी नसेल. जिन्याखालची जागा, चार फूट बाय तीन फूट. जिना उतरता, त्यामुळे आत ताठ उभं राहता येत नाही. नळ जमिनीपासून दीड फुटावर. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात धुण्याचा दगड. खिडकी नाही. दिवा आहे, पण त्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये. आई तिथे उकिडवी बसून कपडे भिजवते, घासते, बडवते, खळबळते, पिळते. मग ओल्या पिळ्यांची बादली घेऊन गच्चीवर जाते, कारण तारा तिथे आहेत. एकदा मी वजनकाट्यावर ती बादली ठेवली. अकरा किलो भरली. जिन्याच्या पायऱ्या एकवीस. चादरींच्या दिवशी तीन खेपा.

हे सगळं मी घर सोडेपर्यंत रोज पाहिलेलं आहे, आणि तरीही मोजलं नव्हतं. ऑफिसात एखादं पान उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर आम्ही मीटिंग लावतो.

आता माझा गुन्हा. चार वर्षांपूर्वी पहिला बोनस मिळाला तेव्हा मी आईला फ्रंट लोड मशीन घेऊन दिलं. सरप्राइज म्हणून. फोटो काढला, स्टेटसला ठेवला, नातेवाइकांनी हात जोडणारे इमोजी पाठवले. दोन महिन्यांनी घरी आलो तर मशीनवर क्रोशाचा रुमाल, त्यावर लोणच्याच्या बरण्या, आणि आई मोरीत.

मी चिडलो. “एवढे पैसे घातले, वापरत का नाहीस?”

“आरं, पाणीच चढत नाय त्याच्यात. मधीच थांबून शिट्ट्या मारतं.”

दोष मशीनमध्ये नव्हता, तो माझ्यात होता. आमचं घर बैठं, वर गच्ची, गच्चीवर स्लॅबलाच टेकलेली पाण्याची टाकी. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या टाकीतलं पाणी मशीनच्या नळापासून जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब याहून बराच जास्त लिहिलेला असतो. ठरावीक वेळात पाणी भरलं नाही की मशीन चूक दाखवून थांबतं. हे गणित नववीच्या पुस्तकातलं आहे. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि ते मशीन घेण्याआधी मांडलं नाही.

तेवढंच नव्हतं. मशीन पॅसेजमध्ये होतं आणि त्याला वीज साध्या सहा अँपिअरच्या पॉइंटवरून, एक्स्टेन्शन बोर्डाने दिलेली. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला की आतला हीटर दोन हजार वॅटच्या आसपास ओढतो. 230 व्होल्टला ते आठ-नऊ अँपिअर होतात. बोर्ड कढत व्हायचा. अर्थिंग होतं की नाही हे कुणी तपासलं नव्हतं, आणि ओल्या हातांनी बटण दाबणारी आई होती. सांडपाण्याचा पाइप मोरीत सोडलेला, त्यामुळे मशीन चालू असताना मोरीत पाय ठेवायला जागा नाही. आणि धुऊन निघालेले कपडे? ते पुन्हा बादलीत, पुन्हा एकवीस पायऱ्या. मी जे विकत घेतलं त्यामुळे घासणं वाचलं असतं. उचलणं, चढणं, वाळत घालणं, काढणं, घड्या घालणं, ज्याचं त्याच्या कपाटात ठेवणं, यातलं काहीही वाचणार नव्हतं.

आमच्या धंद्यात पहिला धडा असतो: जो वापरणार आहे त्याला आधी विचार. मी दूरच्या शहरांतल्या अनोळखी लोकांना विचारून बटणांची जागा ठरवतो. आईला विचारलं नाही.

इथे कुणी म्हणेल, तुझी एक चूक झाली, त्यात समाजावर कशाला घसरतोस? तर थोडे आकडे बघू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला 299 मिनिटं, पुरुषांचा 97. आणि हे 97 सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. असं काम करणारे पुरुष चारातला साधारण एक. बायका पाचातल्या चार. 2024 मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटं 289 झाली, पुरुषांची 88. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. मधल्या काळात दुकानांतून किती मशीन घरोघर गेली असतील ते दिवाळीच्या ऑफरवेळी तुम्ही पाहिलंच असेल.

स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांचं 2010 सालचं एक गाजलेलं टेड भाषण आहे. त्यांच्या लहानपणी घरी मशीन आलं, धुण्यातून सुटलेल्या वेळात आई त्यांना वाचनालयात घेऊन जाऊ लागली, असं ते सांगतात. ते ऐकून मलाही गलबलून आलं होतं. मशीन घेताना डोक्यात तेच होतं. पण त्या घरात मशीनच्या आधी वीज आलेली होती, नळ आलेला होता. गोष्टीत मशीन दिसतं, त्याच्यामागची तयारी दिसत नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या पुस्तकात दाखवलं की यंत्रं आल्यावरही तिथल्या गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले, आणि पूर्वी नोकर, धोबी, घरातले पुरुष-मुलं जो भाग उचलत होती तो तिच्या एकटीवर आला. आपल्याकडेही बघा ना. मशीन आल्यापासून एकदा घातलेली जीन्स धुण्यात टाकणारा मीच आहे.

आपल्या गावगाड्यात तर या कामाची मजुरी ठरलेली होती. बारा बलुतेदारांत परीट होता. वर्षाच्या सुगीत त्याला बलुतं मिळायचं. त्या व्यवस्थेत जात होती, अपमान होता, तिचं गुणगान करायचं कारण नाही. पण तिलाही एवढं कळत होतं की कपडे धुणं हे काम आहे आणि त्याच्या बदल्यात धान्य मोजून द्यायचं असतं. त्याच गावात बाई नदीवर, विहिरीवर, ओढ्यावर जे धुणं धूत होती ते मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हतं. ते आजही नाही. म्हणून शीटमध्ये ओळ नसते.

आता नेहमीची उत्तरं घेऊ, कारण मी ती सगळी घरातच ऐकली आहेत.

पहिलं: “तिला सवय आहे.” सवय कशाची? आप्पांना खाली बसता येत नाही, गुडघे दुखतात, म्हणून ते मोरीत जात नाहीत. आईचेही गुडघे दुखतात. ती जाते. एकाच आजारपणाचे एकाच घरात दोन निकाल, आणि त्याला आपण सवय म्हणतो.

दुसरं: “बाई लावा.” धुण्याभांड्याला येणारी बाई त्याच मोरीत बसणार, तेच अकरा किलो उचलणार, आणि असं दिवसात चार-पाच घरांत करणार. जागा वाईट असेल तर पैसे देऊन आपण फक्त गुडघे बदलतो. शिवाय बऱ्याच घरांत मशीन असूनही ‘त्यांना चालवता येत नाही’ म्हणून ते झाकून ठेवतात, आणि ताई हातानेच धुतात.

तिसरं, माझ्या वयाच्या मंडळींचं: “मस्त लाँड्री रूम करू.” रील्समध्ये असते तशी. पांढरी कपाटं, वेताच्या टोपल्या, मशीनवर लाकडी फळी, बाजूला एक रोप. ही खोली थंड देशात, ड्रायर असलेल्या घरासाठी आहे. तिच्यात ओल्या फरशीला उतार नाही, चादर खळबळायला जागा नाही, दोरी नाही. सातारा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एका टोकाला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. दुसऱ्या टोकाला तासाभरात कडकडीत वाळतात, पण धुवायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न. तिथली बाई शेवटचं खळबळलेलं पाणी धरून ठेवते. त्याने फरशी पुसते, संडासात टाकते. तिच्या मशीनचा पाइप गटारात नाही, बॅरलमध्ये सोडायला हवा. एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या मोऱ्या लागतात, आणि आपण दोन्हीकडे एकच रील लावतो.

सांगलीचा प्रश्न तिसराच आहे. तो मला आत्याच्या घरी कळला. आत्याचं घर गावभागात, कृष्णेपासून जवळ. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. आत्याचा तळमजला बुडाला. मशीन जिन्याशेजारी होतं, मोटर आणि सर्किट दोन्ही गेलं. पाणी उतरल्यावर मी आठवडाभर मदतीला होतो. गाळ काढायला आम्ही पुरुष होतो; फावडी, पाइप, आरडाओरडा, सगळं जोरात. मग गाळ संपला, आम्ही परतलो. तेव्हा आत्याचं धुणं सुरू झालं. घरातलं एकूण एक कापड चिखलाचं होतं. साड्या, शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे, आजीच्या हातच्या वाकळा. ओली वाकळ दोघींना उचलत नाही. आत्या आणि वहिनी दिवाळीपर्यंत धूत होत्या.

घरच्यांनी नुकसानीची यादी केली होती. फ्रीज, टीव्ही, मशीन, गाद्या, मोटरसायकल. त्या अडीच महिन्यांच्या धुण्याचा आकडा कुठल्याच रकान्यात नव्हता. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. तोवर भाऊजींनी टीव्ही वरच्या मजल्यावर हलवला होता. नवं मशीन मात्र जिन्याशेजारीच होतं, कारण मोरी तिथं, पाइप तिथं. टीव्हीसाठी वर वायर नेली जाते. मोरीसाठी पाइप वर नेण्याइतकं ते काम मोठं वाटत नाही. दुसरं मशीनही गेलं.

आत्या एवढंच म्हणाली, “पाणी येतं म्हणून कुणाला काय बोलायचं. पण मोरी वर घ्या म्हणून मी तवाच म्हणलं होतं.”

तिने सांगितलं होतं. आईनेही बहुतेक कधीतरी सांगितलं असेल. आपण ऐकलं नाही.

म्हणून आता आम्ही काय करतोय ते सांगतो. मिरवण्यासाठी नव्हे, तर यातलं काहीही अवघड नाही हे दिसावं म्हणून. फॉल्स सीलिंग रद्द केलं. त्या पैशांत धुण्याची जागा गच्चीवर नेतोय, तारांच्या शेजारी, म्हणजे ओली बादली जिना चढणार नाही. कोरडे मळके कपडे प्रत्येकाने स्वतः वर न्यायचे; ते हलके असतात, हे कारण कुणाला सांगता येणार नाही. टाकी त्याच पातळीवर असल्याने दाब नाहीच, म्हणून टाकीला स्टँड आणि मशीनसाठी छोटा प्रेशर पंप. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग, आणि गळती झाली की वीज तोडणारा तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी. फरशीला उतार आणि मोठी जाळी. जाळीखालच्या त्या भांड्याला प्लंबर देशभर ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचं नाव सगळ्या देशाच्या नळकामात गेलं, आणि आपल्या घरातली न्हाणी अजून जिन्याखाली आहे.

हाताने घासायचे कपडे राहणारच. कॉलर, शाळेचे मोजे, रंग जाणारी साडी. त्यासाठी कंबरेच्या उंचीचा कडाप्प्याचा ओटा, पुढे काठ, वर दोन नळ. उंची ठरवताना आईला कणकेच्या ओट्यापाशी उभं केलं आणि टेप लावला. वाकळ आठ किलोच्या मशीनमध्ये मावत नाही, म्हणून एका कोपऱ्यात जुना दगड तसाच ठेवतोय, पण तिथं दोघं उभे राहून धरतील एवढी जागा सोडून. पावसाळ्यासाठी वर पारदर्शक पत्रा आणि तीन बाजू उघड्या. कपड्यांना उन्हाइतकंच वारंही लागतं. दोऱ्या कप्पीच्या, खांद्यापर्यंत खाली येणाऱ्या. बोअरचं पाणी जड आहे, हीटरवर खपली धरते, त्यामुळे अधूनमधून लिंबूसत्व टाकून मशीन रिकामं चालवायचं. ते काम माझ्या कॅलेंडरमध्ये आहे.

गवंडीमामा म्हणाले, “धुण्याला एवढं कशाला ओ? पत्र्याचं आडोसं करून देतो की.” मी म्हणालो, “मामा, किचनचा ओटा करताना असं म्हणाला असता का?” ते हसले, पण त्यांनी माप घेतलं.

या सगळ्यात आईने स्वतःहून तीनच गोष्टी मागितल्या. एक दिवा, ज्याचं बटण आत असेल. एक उंच स्टूल. आणि अजिंक्यताऱ्याच्या बाजूला भिंत घालू नका. “धुताना तेवढंच बघायला बरं वाटतं.” सत्तावीस वर्षं ती जिन्याच्या खालच्या बाजूकडे बघत धूत होती.

पण खरा मुद्दा ओट्याच्या उंचीचा नाही. ओटा उंच केला की आप्पांचं गुडघ्याचं कारण संपतं. बटण समोर असलं की माझं ‘मला जमत नाही’ संपतं. वाईट जागा तिला छळत होतीच, शिवाय बाकी सगळ्यांना सूट देत होती. जागा चांगली झाली की ती सूट काढून घेता येते. सोमवार-गुरुवार आप्पा, रविवार मी घरी असलो तर मी, बाकी दिवस बहीण आणि आई. हे पाळलं जाईल का, याची मला खात्री नाही. पण न पाळण्याला आता बांधकामाचं कारण देता येणार नाही.

तुमच्याही घराचं काम निघालं असेल, किंवा पहिल्या पगारातून आईला मशीन घ्यायचा बेत असेल, तर दुकानात जाण्याआधी एक करा. या रविवारी घरातल्या मोरीत बसून एक डबल बेडची चादर हाताने धुवा. पिळा. बादली घेऊन तारेपर्यंत चाला, पायऱ्या मोजा, वाळत घाला. मग आईला विचारा, काय बदलायचं, आणि ती “काही नको रे, चाललंय” म्हणाली तर तिथेच थांबू नका; पुन्हा विचारा. माझी आई चौथ्यांदा विचारल्यावर दिव्याच्या बटणाबद्दल बोलली.

पुढच्या आठवड्यात आमच्या गच्चीवर विटा चढतील. चढवायला मी सुट्टी टाकली आहे.